उघड्या हाताची भाकरी

चाळीस दिवस हातमोजा घालून भाकऱ्या थापल्या की पुढे हात आपोआप थापतो, असं कंपनीने लिहून दिलं होतं. आज एकेचाळिसावा दिवस होता. मोज्यात सदानंदच्या आईच्या हातांची हालचाल भरलेली होती. आई वारायच्या आधी त्यानेच ती नोंदवून घेतली होती. मोजा चढवला की भाकरी चंद्रासारखी गोल. मोजा काढला की परातीत नुसता चिखल.

आणि मोज्याच्या भाकरीला त्याचे वडील, अण्णा, हात लावत नव्हते. आई गेल्यापासून ते दूध-पोह्यांवर होते, नऊ किलो उतरले होते. स्वयंपाकघरात तर फिरकलेच नव्हते.

"मोजा थापतो. तू नुसता आत असतोस," एवढंच ते म्हणत.

सदानंदने उघड्या हाताने गोळा थापला. कडा चिरल्या. पाणी लावून पुन्हा थापला. उचलताना भाकरीचे तीन तुकडे झाले.

"चाळीस दिवस घासून शिकलो काय, तर डोंबल," तो करवादला. त्या वैतागातच त्याचं मनगट वर गेलं आणि टकलावरचा नसलेला पदर सारखा करून खाली आलं. मोज्याने आईची तेवढी लकबच पक्की शिकवली होती. ऑफिसच्या मीटिंगमध्येही ते व्हायचं आणि लोक हसायचे.

आवाज ऐकून आलेले अण्णा दारातच थबकले होते. ते आत येऊन पाटावर बसले.

"कपाळाला पीठ लागलंय."

सदानंद पुसायला गेला.

"असू दे. तिच्याही लागलेलं असायचं. ते तुकडे टाक तव्यावर."