येण्याचं कारण

मंगळवारी नाना फोनवर शब्दकोडं सोडवत होते. "चार अक्षरी, ओसाड जागा. तुला कुठलं येणार म्हणा, परदेशी बाई!" हेमांगीने हसून फोन ठेवला.

बुधवारी दादाचा फोन आला. "नानांना जरा जास्त झालंय. तू लगेच निघ."

गुरुवारी विमानतळावर, परदेशी नागरिकांच्या दारापाशी, यंत्राने येण्याचं कारण विचारलं.

"आजारी वडिलांना भेटायचंय."

यंत्राने मृत्यूच्या नोंदी तपासल्या. "ही व्यक्ती काल सकाळी मरण पावली. कारण खोटं. प्रवेश नाही."

एवढ्या लांबच्या प्रवासात पोरीने रडत येऊ नये म्हणून दादाने, सगळ्याच घरांत लपवतात तसं, लपवलं होतं. आता तो नानांना उचलायचं थांबवून तिची वाट बघत असणार.

"मला खरंच माहीत नव्हतं हो," ती अधिकारी बाईंना म्हणाली. "अंत्यदर्शन असं लिहा ना."

"ताई, एका प्रवासाला एकच कारण. दार माझंही ऐकत नाही. परतीचं विमान चारला आहे."

काचेपलीकडे माणसं आपापल्या माणसांना मिठ्या मारत होती. हेमांगीने काचेवर हात ठेवला.

"नाना," ती मोठ्याने म्हणाली, "मला तिकडे एक दिवससुद्धा करमलं नाही."