तिच्या नावाचा पट्टा

मनगटावरचा पट्टा थरथरला आणि आज दुसऱ्यांदा लाल झाला. पार्सल भरणारी तशीच टेबलाला टेकली. आठवा महिना चालू होता. पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

अजून एकदा लाल झाला की संपलं. हात थांबले, चाल मंदावली, की कंपनीचं ते हुशार मशीन आपलं आपणच नाव काढून टाकायचं. पाया पडायचं तर कुणाच्या? त्याला पायच नव्हते. आणि नाव गेलं की बाळंतपणाची भरपगारी सुट्टीही गेली.

"ए महाराणी, बसायचं तर बस की," त्याच टेबलावरची दुसरी खेकसली. हिला सगळे मिरची म्हणायचे. तोंड उघडलं की झोंबायचीच. "उभ्या उभ्या आमच्या डोक्यावर बाळंत होऊ नकोस."

"बसले तर नाव जाईल ना माझं."

"त्याला काय कळतंय तू कोण ते. त्याला हात हलायला पाहिजे, बास." मिरचीने तिचं मनगट खेचलं, पट्टा सोडवला, आपल्या पट्ट्याच्या वर बांधला आणि बाही खाली ओढली. "खोक्यांच्या मागे जा. आणि रडू नकोस, पार्सलं भिजतील."

पार्सलं टेबलाची मिळून मोजली जायची. हात मात्र ज्याचे त्याचे. मिरची दोघींचं भरत सुटली. ती दमली की पट्टा पलीकडच्या काकूंकडे जायचा, काकूंकडून ट्रॉली ढकलणाऱ्या दादाकडे, तिथून परत मिरचीकडे. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

खोक्यांच्या मागे ती पाय लांब करून बसली. तिथून वरच्या मजल्याची काच दिसत होती. काचेमागची माणसं सकाळपासून खुर्चीतच होती. त्यांच्या मनगटावर नुसती घड्याळं होती.

सुट्टी व्हायच्या जरा आधी साहेब टॅब घेऊन खाली उतरले. ती धडपडत टेबलाशी येऊन उभी राहिली, मोकळं मनगट पाठीमागे धरून.

"आज अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त हात कुणाचे चालले, माहितीये?" साहेबांनी तिच्याकडे बोट केलं. "यांचे. या अवस्थेत. शिका जरा. मशीन काय तोंड बघून नंबर देत नाही."

सगळ्यांच्या माना एकदम खोक्यांत गेल्या. काकूंना खोकला आला.

"शिकतोय ना साहेब," मिरची म्हणाली. "सकाळपासून तिच्यासाठीच तर हात चालवतोय."

साहेब खूश होऊन वर गेले.

दारावर पट्टा दाखवल्याशिवाय बाहेर सोडत नव्हते. मिरचीने बाही सरकवून पट्टा सोडला. खाली कातडीवर लाल वळ उठला होता.

"घे. घामाने चिंब झालाय, पुसून बांध. आणि उद्या पहिली-बिहिली येऊ नकोस. मला झेपत नाही."

ती त्या वळाकडेच बघत राहिली.

"बघतेस काय? चल, रांग पुढे गेली."

तिने रुमाल काढला. मग तो परत खिशात घातला, आणि पट्टा ओला होता तसाच मनगटावर बांधला.