बंद पंखा
बायको ज्या खोलीत वारली, तिथेच तिची खाट हलवून तिसऱ्या दिवशी मुलीने टेबल मांडलं. त्यावर छोटा डिजिटल वजनकाटा आणि एअर रायफलच्या छर्ऱ्यांचे डबे. तिची नेमबाजीची निवड चाचणी जवळ आली होती. एकेक छर्रा तोलून सारख्या वजनाचे वेगळे काढायचे होते. "कोपऱ्यात आईचा दिवा जळतोय, लाज नाही वाटत?" मी विचारलं. "ही खोली आईने तुमच्याशी भांडून मला दिली होती," ती म्हणाली. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मी दिव्यापाशी बसायचो, ती माझ्याकडे पाठ करून काट्यापाशी. मे महिना होता. मेव्हणा काळाचौकीहून घामाने भिजून आला. "बहीण गेली, आता तुम्ही उकडून मरा," म्हणत त्याने पंख्याचं बटण दाबलं. दिव्याची ज्योत आडवी झाली, काट्यावरचे आकडे नाचायला लागले. "पंखा बंद कर!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. इतक्या दिवसांत मुलीने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुझ्या काट्यासाठी नाही ओरडलो," मी म्हणालो. "मीपण दिव्यासाठी नाही," ती म्हणाली आणि परत पाठ फिरवून बसली. तेराव्याला दिवा काढला. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, आता तरी लावा पंखा." मुलगी चिमट्यात छर्रा धरून थांबली. "मला नाही उकडत," मी शर्टाने मान पुसत म्हणालो.