पहिली बादली

नवनगरात आठवड्याने नळ आला आणि तेवढ्यात भार्गवीचा फोन. लेक राजस्थानात, वाळवंटातल्या ओढ्यांवर पोस्टडॉक करते. जयलक्ष्मीने फोन खांदा नि कान यांच्यामध्ये धरून जुनी बादली नळाखाली सरकवली.

"अम्मा, वर्षभर कोरडा असलेला ओढा काल तासभर वाहिला. बाकीचे लोक पाणी निवळायची वाट बघत बसले. मी पहिला गढूळ लोटच बाटल्यांत भरून घेतला. वाळूत वर्षभर निजलेली किड्यांची अंडी त्यातच निघाली. सर विचारत होते, हे कुठल्या लॅबमध्ये शिकलीस?"

"मग?" जयलक्ष्मीने गढूळ पाण्याची बादली झाडांसाठी बाजूला ठेवली आणि नितळ झालेल्या धारेखाली घागर लावली.

"नवनगरच्या, म्हटलं."

"बरं. ठेव आता, पाणी जाईल."