दोन बोटं पाणी

"दोन बोटं पाण्यात मासे जगतात होय, काकू?" मच्छीमार संस्थेचा नवा सचिव हसला.

आटलेल्या तळ्यातल्या शेवटच्या सहा मरळी वीण वाढवायला मोठ्या तलावात न्यायच्या होत्या. पार्बताकाकूने त्यातल्या तीन मरळी एका घमेल्यात दोन बोटं पाण्यात घेतल्या, वर ओलं पोतं टाकलं. उरलेल्या तीन सचिवाने ड्रममध्ये सोडल्या, काठोकाठ पाणी भरलं आणि झाकण घट्ट लावलं. "पाणी कमी करा, भाऊ," ती दोनदा म्हणाली. त्याने ऐकलं नाही.

तलावावर पोहोचायला तीन तास लागले. पोतं उचलताच घमेल्यातल्या मरळी उसळल्या. ड्रममधल्या तिन्ही उताण्या तरंगत होत्या.

"पाणी तर भरपूर होतं!" तो पुटपुटला.

"मरळ वर येऊन हवा घेते, भाऊ. तुमी तोंड काढाले जागाच नाई ठेवली." पार्बताने आपल्या मरळी तलावात सोडल्या. "तुमच्या बुडून मेल्या."