प्लास्टिकचे मासे

“हे सगळं उचल आधी. मला इथे पूजेचं सामान मांडायचंय,” शालिनी म्हणाली.

संग्रामने मान वर केली नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने प्लास्टिकचे मासे मांडले होते. चंदेरी, हिरवे, पोटाला लाल पट्टा असलेले, आणि एक चक्क रबरी कोळंबी. ऑफिसातल्या कोणीतरी सिंगापूरहून आणून दिलेले. बाजार खुला झाल्यापासून बाहेरून काय काय येत होतं, आणि तिच्या नवऱ्याने त्यातून नेमकं हे उचललं होतं. खऱ्या माशाला फसवायला खोटा मासा!

दिल्लीतल्या द्वारकेच्या या नव्या सोसायटीत अजून नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की शिकलेसवरलेले लोक बादल्या घेऊन खाली धावत. अशा ठिकाणी बसून हा गृहस्थ, समुद्रातल्या माशांना थंडीत काय आवडेल, याच्या काळजीत होता. शालिनीला त्याचं हसूही येईना.

दर डिसेंबरला तो मुंबईच्या मित्रांबरोबर अलिबागला मासे गरवायला जायचा. परत आल्यावर मासा सोडाच, माशाचा फोटोसुद्धा दाखवायचा नाही. तिथे हे लोक पत्ते कुटतात आणि बाटल्या रिकाम्या करतात, याबद्दल तिची खात्री होती. नाव संग्राम, पण ‘प्यायला जातो’ असं बायकोला तोंडावर सांगायची छाती नाही. म्हणून हा डबा, ही पक्कड, ही सगळी नाटकं.

त्यात तिला गळाचीच चीड होती. ती देवगडकडची, शाळामास्तरांची मुलगी. आई हॉस्पिटलात अखेरच्या घटका मोजत होती, तेव्हा शालिनीचा जन्मदाता खाडीवर गळ टाकून बसला होता. बोलवायला गेलेल्या माणसाला म्हणाला, ‘तू हो पुढे, येतो.’ आला तेव्हा सगळं संपलं होतं. शालिनीने माहेर तोडलं ते त्या दिवशी. लग्नाआधी तिने संग्रामला एकच अट घातली होती. त्या माणसाचं नाव माझ्या घरात निघता कामा नये. संग्रामने ती पाळली. आणि तरीही या शहाण्याला छंद लागला तो हाच.

“रविवारी वास्तुशांत आहे,” ती म्हणाली. “तुझी आई सोलापूरहून येतेय. माझं अर्धं ऑफिस येणार आहे. आणि यजमान कुठे, तर अलिबागला! काय सांगू लोकांना?”

“तारीख पुढे घेऊ या, असं मी म्हणालो होतो. मला या वेळी जावंच लागेल. पुढच्या वर्षीचा भरवसा नाही.”

“अच्छा? समुद्रातले मासे संपणार आहेत वाटतं?”

तो तयार झालेले मासे एकेक करून शेजारच्या डब्यात ठेवू लागला. त्याच्या या थंडपणाचाही तिला तिटकारा आला होता.

“मग नीट ऐक. रविवारी तू नसलास, तर पूजेला मी एकटी बसेन आणि नंतरही या घरात एकटीच राहीन. बिल्कुल. परत यायचे कष्ट घेऊ नकोस.”

संग्रामने एकदा तिच्याकडे पाहिलं. ही नुसती धमकी नाही, हे त्याला कळलं होतं. तरी त्याने पक्कड उचलली आणि एका माशाच्या पोटाखालची तीन तोंडांची गरी, गळाचा लोखंडी आकडा, काढून टाकली. त्या जागी एकच साधी गरी अडकवली आणि माशाला अडकवून धरणारं तिचं उलटं दातरंही चेपून टाकलं.

शालिनीने तो मासा हातात घेतला. अगदी हलका होता, लहान पोराच्या खेळण्यासारखा. पुढे दोरीचा तुकडा, गाठ आधीच मारलेली, टोकाला नुसतं अडकवायचं कडं. तिने दुसरा उचलला. तोही तसाच. खाडीच्या काठावर वाढलेली मुलगी ती. दात नसलेल्या गरीवरून मासा सुटून जातो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि गळ टाकणारा माणूस घरून गाठी मारून नेतो, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

“गाठीसुद्धा इथूनच? तिथे गेल्यावर हात मोडतात का तुझे?”

“माझे नाही,” संग्राम म्हणाला. मग त्याने पक्कड खाली ठेवली. “तुझ्या बाबांचे हात थरथरतात. गरी बोटात घुसते. दिसतही नाही आता फारसं.”

बाहेर विमान उतरत होतं.

“आणि अलिबाग?”

“अलिबाग मी पाहिलेलंसुद्धा नाही.”

“कधीपासून चाललंय हे?”

“लग्न झालं त्या वर्षापासून. आम्ही नुसते बसतो खाडीवर. त्या दिवसाबद्दल मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. मासा लागला तर सोडून देतात.” तो जरा घुटमळला. “तुझं नाव तेही काढत नाहीत. पण मी निघालो की एसटीपर्यंत चालत येतात.”

शालिनीला संताप आला. इतकी वर्षं हा माणूस तिच्या तोंडावर खोटं बोलत होता. एक शब्द पाळला असं दाखवून त्याने तो दर वर्षी मोडला होता. आता घर डोक्यावर घ्यावं, या सगळ्या गाठी कात्रीने कापून टाकाव्यात, असं तिला वाटलं. ती हातातल्या चंदेरी माशाकडे बघत राहिली. मग तिने तो डब्याबाहेर ठेवला. हिरवा काढला. लाल पट्ट्याचाही काढला.

“इतकी वर्षं शेजारी बसतोस आणि एवढंही कळलं नाही तुला?” ती नेहमीच्याच तुच्छतेने म्हणाली. “थंडीत खाडीचं पाणी नितळ असतं. चमकणारं काही दिसलं की मासा पळतो. बाबा कोंबडीचं पांढरं पीस बांधतात.”