बर्फाची पेटी

जावईबापूंनी शार्कचा भलामोठा तुकडा सासूबाईंच्या ओट्यावर ठेवला. "पकडल्या पकडल्या रक्त काढलं, आई. लगेच साफ करून बर्फात घातला. तुम्ही सांगितलं होतं तस्सं!"

सासूबाईंनी मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं शार्क कापले होते. त्यांनी तुकड्याजवळ नाक नेलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जावईबापूंना वाटलं, आनंदाचं. शार्क रक्त न काढता उन्हात पडून राहिला की मांसाला अमोनियाचा वास सुटतो, हे सासूबाईंना कुणी शिकवायला नको होतं. पण जावयाला तोंडावर खोटं कसं पाडायचं?

"फोटो काढलेत की नाही?" त्यांनी लाडाने विचारलं.

जावईबापूंची कळी खुलली. शार्कला मिठी मारून, त्याच्यावर पाय ठेवून, त्याच्या जबड्यात डोकं घालून, असे बावीस फोटो निघाले. पहिल्या फोटोत जावयाची सावली पायाशी होती, शेवटच्या फोटोत ती पार होडीच्या टोकाला पोचली होती. शार्क मात्र जागचा हलला नव्हता.

सासूबाईंनी चष्मा पुसला आणि फोटो मोठा केला. मागे बर्फाची पेटी उघडी होती. आत बियरच्या सहा बाटल्या गळ्यापर्यंत बर्फात बसल्या होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मासा राहू द्या. त्यातली एखादी बाटली उरली असेल तर आणा. पकडल्या पकडल्या बर्फात त्याच गेलेल्या दिसतायत."